वजाबाकीचा इतिहास

वाचकहो, मी बी.कॉम. आहे आणि गेली वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसतो. त्यामुळे 'नेट' या शब्दावर माझा आंधळा विश्वास. श्रावणात रक्त तपासलं, तर तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा 6.3 निघाला. डॉक्टर म्हणाले, "मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात. भात, पोळी, साखर कमी करा." आमच्या दादांच्या पायाचा अंगठा याच रोगानं नेला होता. मी घाबरलो, आणि घाबरलेला मध्यमवर्गीय जे करतो तेच केलं : दुकानात गेलो.

तिथे 'लो-कार्ब' चॉकलेटच्या वड्या होत्या. वेष्टनावर हिशेब छापलेला. कार्बोहायड्रेट 24 ग्रॅम, वजा तंतू 6, वजा माल्टिटॉल नावाची कसलीशी गोडी 15, 'नेट' फक्त 3! असा सुंदर ताळेबंद मी आमच्या शाखेतही पाहिला नव्हता. खूश होऊन दोन वड्या खाल्ल्या. महिनाअखेर, रांग थेट दारापर्यंत, आणि अस्मादिक काउंटरवर कमी व मागच्या बोळात जास्त! माल्टिटॉल जास्त झालं की पोट असंच बंड करतं, हे मागाहून कळलं.

मग म्हटलं, या पथ्याचं मूळ खातं तरी उघडून पाहावं.

ते उघडलं लंडनच्या विल्यम बँटिंगनं. धंदा अंत्यविधीच्या व्यवस्थेचा. उंची साडेपाच फुटांच्या आत, 1862 साली वजन 202 पौंड. बुटाची नाडी बांधता येईना, जिना उतरायचा तो पाठमोरा. ऐकू कमी येतं म्हणून हार्वे नावाच्या डॉक्टरकडे गेला. त्यानं पाव, साखर, बटाटे, बिअर बंद केली. वर्षभरात 46 पौंड उतरले! आनंदाच्या भरात बँटिंगनं 1863 मध्ये स्वखर्चानं पुस्तिका छापून चक्क फुकट वाटली. स्वीडिश भाषेत पथ्य करण्याला आजही 'बांटा' म्हणतात. (त्याला जेवणाबरोबर क्लॅरेट मद्याचे प्याले चालत असत. हा भाग सौ.ला वाचून दाखवलेला नाही.)

बँटिंगची सगळी भिस्त वजाबाकीवर. विकायला काहीच नाही.

पुढे अमेरिकेत डॉ. रॉबर्ट अ‍ॅटकिन्स आले. 1972 च्या त्यांच्या पुस्तकातही मुख्य गोष्ट वजाबाकीचीच. पण 1989 मध्ये त्यांनी कंपनी काढली आणि बेरीज सुरू झाली. 2003 मध्ये डॉक्टर बर्फावर घसरून पडले आणि त्यातच गेले. पथ्याची लाट तेव्हा ऐन भरात होती. पाव सोडलेल्यांसाठी लो-कार्ब पाव निघाले होते. लाट ओसरली आणि 2005 मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. पुन्हा उभी राहिली ती मुख्यतः वड्या आणि शेक विकून!

आता माझ्यातला कारकून जागा झाला. साखरेच्या एका ग्रॅममध्ये 4 कॅलरी, माल्टिटॉलमध्ये सुमारे 2. म्हणजे वेष्टनानं जे कर्ज पूर्ण बुडीत म्हणून खोडलं, त्यातलं निम्मं आमचं शरीर गुपचूप वसूल करतं! असं खातं मी लिहिलं असतं, तर ऑडिटरनं मलाच मागच्या बोळात गाठलं असतं. शिवाय जेवणानंतर गोड हवंच ही खोड तशीच शाबूत. प्रवासात अडल्यावेळी अर्धी वडी खाल्ली तर आभाळ कोसळणार नाही. पण रोजच्या पथ्यात तिला खातं उघडून देऊ नये, एवढं माझं मत झालं आहे.

हे सगळं सौ.ला ऐकवलं. तिनं डबा पुढे केला. उकडलेली अंडी, काकडी, मूठभर शेंगदाणे.

"यावर नेट किती ते लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"अहो, काकडीला वेष्टन असतं का कुठे? मुकाट्यानं खा."

पुढची तपासणी दिवाळीनंतर. ताळेबंद जुळतो का, ते तेव्हाच कळेल.