हेरातचा एलची विजयनगरात

राजदूत म्हटला की आपल्यापुढे मोठा बंगला, मोटारीवरचा झेंडा आणि मेजवान्या यांचे चित्र उभे राहते. पण विद्यार्थी मित्रहो, परक्या मुलखात राहणाऱ्या वकिलाचे रोजचे काम फार साधे आणि चिकाटीचे असते. पाहावे, ऐकावे, विचारावे आणि रात्री दिव्यापाशी बसून लिहावे, हे ते काम होय. आपल्या जुन्या मराठी कागदपत्रांत अशा माणसाला वकील, हेजीब किंवा एलची म्हटलेले आढळते. यांतले पहिले दोन शब्द अरबी आणि तिसरा तुर्की. अशाच एका एलचीची हकीकत आज आपणापुढे ठेवीत आहे.

त्याचे नाव अब्दुर रज्जाक. वंशाने समरकंदी, पण जन्म १४१३ साली हेरात येथे झाला. हे शहर आजच्या अफगाणिस्तानात आहे. तैमूरचा पुत्र शाहरुख तेथे राज्य करीत होता. अब्दुर रज्जाकचे वडील या बादशहाच्या लष्करात काजी व इमाम होते. वडिलांच्या पश्चात या तरुणाने एका अरबी व्याकरणग्रंथावर टीका लिहून ती बादशहाला अर्पण केली आणि विद्येच्या बळावर दरबारात प्रवेश मिळविला. पुढे कालिकतच्या सामुरी राजाचा वकील हेरातला आला. त्याला प्रतिसाद म्हणून शाहरुखने जानेवारी १४४२ मध्ये अब्दुर रज्जाकला हिंदुस्थानात पाठविले. त्या वेळी तो अवघा २८ वर्षांचा होता.

वाळवंट ओलांडून तो होर्मुझ बंदरात आला. तेथे अडकून पडल्यामुळे अनुकूल वाऱ्याचा हंगाम हातचा गेला. जहाजावर पाऊल ठेवताच तो असा आजारी पडला की, तीन दिवस केवळ श्वासावरूनच तो जिवंत असल्याचे कळत होते. ओमानच्या किनाऱ्यावर उष्म्याने सर्वांना तापाने घेरले. बरोबर आलेला थोरला भाऊ तेथेच वारला. त्याला परक्या मातीत दफन करून एलची पुढे निघाला. बादशहाचे पत्र पोहोचवायचे होते.

नोव्हेंबर १४४२ च्या सुमारास तो कालिकतला उतरला. तेथील राजाने त्याच्या नजराण्यांची फारशी कदर केली नाही. तोही मनातून रुसला, आणि तेथील लोकांच्या रंगरूपाविषयी त्याने कठोर शब्द लिहिले. ते वाचून आपल्याला आजही वाईट वाटते. पण त्याच लेखणीने त्या बंदराचा चोख न्यायही लिहून ठेवला. व्यापारी आपला माल खुशाल रस्त्यावर टाकून जात, सरकारी माणसे रात्रंदिवस पहारा ठेवीत. माल विकला गेला तरच चाळिसावा हिस्सा जकात, न विकल्यास काही नाही. वाऱ्याने भरकटून आलेले जहाज इतर बंदरांत लुटीचा माल समजत, कालिकतमध्ये मात्र त्याला कोणी हात लावीत नसे. दोन जामा मशिदी आणि मुसलमानांचा काजी यांचीही नोंद तो करतो. मन नाराज असताना डोळे मात्र प्रामाणिक राहिले, हा त्याचा मोठा गुण.

इतक्यात विजयनगरच्या सम्राटाकडून बोलावणे आले. मंगळूरमार्गे, वाटेतली देवळे पाहत पाहत, एप्रिल १४४३ च्या अखेरीस तो त्या नगरीत पोहोचला. गादीवर दुसरा देवराय होता. पहिल्या भेटीत अंगावर जाड कपडे आणि वर उन्हाळा, त्यामुळे एलचीला घामाच्या धारा लागल्या. राजाने ते पाहून हातातला पंखा त्याला दिला. या छोट्या प्रसंगावरून राजाचा स्वभाव आपल्याला जितका कळतो, तितका लांबलचक प्रशस्तीवरूनही कळला नसता.

त्याला रोजचा शिधा ठरला: दोन मेंढ्या, चार जोड कोंबड्या, तांदूळ, लोणी, साखर आणि दोन सोन्याचे वराह. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी दरबारात बोलावणे येई. राजा हेरातच्या बादशहाविषयी प्रश्न विचारी आणि निघताना विडा, कापूर व नाण्यांची थैली देई. एकदा दुभाष्यामार्फत त्याने सांगितले की, तुमचे राजे वकिलाला पंक्तीस बसवितात, पण आपल्या दोघांत अन्नव्यवहार नसल्यामुळे ही थैली हीच तुमची मेजवानी समजावी. वाचकहो, धर्म निराळा, रीत निराळी, तरी पाहुण्याचा मान कसा राखावा याचा हा केवढा सुंदर धडा आहे!

बाकीचे दिवस एलची शहर पाहण्यात घालवी. एकात एक असे सात कोट त्याने मोजले. बाजारात जवाहिरे हिरे-मोती उघड्यावर विकीत. गुलाबाची फुले तर तेथील लोकांना अन्नाइतकीच आवश्यक, असे त्याला दिसले. दप्तरखान्यात कारकून ताडपत्रावर लोखंडी लेखणीने किंवा काळ्या पाटीसारख्या पृष्ठावर मऊ पांढऱ्या दगडाने लिहीत. टांकसाळ, नाण्यांची किंमत, दर चार महिन्यांनी होणारा शिपायांचा पगार, हत्तींना भरविली जाणारी खिचडी, महानवमीचा उत्सव, हे सारे त्याने टिपले.

पण दिवस सारखे राहिले नाहीत. होर्मुझच्या काही लोकांनी कंडी पिकविली की, हा शाहरुखचा खरा वकील नव्हेच. मुख्य प्रधान मोहिमेवर असताना त्याच्या जागी आलेल्या अधिकाऱ्याने शिधा बंद केला. प्रधान परतल्यावर त्याने त्या अधिकाऱ्याला दोष दिला आणि एलचीची सोय केली. तरीही राजाच्या मनातला संशय पुरता गेला नाही. डिसेंबर १४४३ मध्ये त्याने निरोप घेतला. कारवारच्या दक्षिणेकडील होनावर बंदरातून तो जहाजात बसला आणि १४४४ च्या एप्रिलमध्ये होर्मुझला पोहोचला. राजाने सोबत दिलेल्या दोन वकिलांपैकी एक वाटेतच मरण पावला.

मग या खटाटोपातून साधले काय? कोणताही मोठा तह झाला नाही. १५६५ मध्ये विजयनगर उद्ध्वस्त झाले, आणि शाहरुखचे घराणेही लयास गेले. परंतु अब्दुर रज्जाकने ‘मत्ला-उस-सादैन’ या आपल्या फारसी इतिहासात जे लिहिले ते राहिले. हम्पीचे अवशेष पाहताना तेथे माणसे कशी राहत होती, हे सांगणारा तो एक प्रमुख साक्षीदार आहे. एका काजीच्या मुलाने एका हिंदू राजधानीची दिलेली ही साक्ष सर्व धर्मांचे इतिहासकार आदराने वापरतात.

पालकहो, आपली मुले उद्या शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परगावी, परदेशी जातील. प्रत्येक जण तेथे आपल्या घराचा वकीलच असतो. त्यांना परकी भाषा शिकू द्या आणि रोजनिशी लिहिण्याची सवय लावा. आणि विद्यार्थी मित्रहो, शेजाऱ्याची रीत आपल्याहून वेगळी दिसली तर शेरा मारण्यापूर्वी ती नीट पाहा, आणि पाहिले तसेच लिहा. शिधा बंद झाला तरी अब्दुर रज्जाकने एवढे काम सोडले नाही.