चिकनगुन्याची दोन घराणी

निफाडला डासांचा विषय निघाला, की बोट नांदूर-मधमेश्वरच्या पाणथळीकडे वळावे हे स्वाभाविकच. गोदावरी-कादवेच्या संगमावरील हे स्थळ २०२०मध्ये रामसर यादीत गेले. चिकनगुन्या पसरवणारा एडीस इजिप्ती डास मात्र रांजण, पिंप, टाकी अशा घरगुती साठ्यांत वाढतो. पक्ष्यांच्या त्या तळ्यावर आळ घेण्याचे कारण नाही. आम्हांला कुतूहल आहे ते डासाने वाहून आणलेल्या विषाणूच्या वंशावळीचे.

२००६च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निफाडच्याच जिल्ह्यात, मालेगावी, चिकनगुन्याचे दोन हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यापूर्वीची महाराष्ट्रातील मोठी साथ १९७३ची, बार्शीची. तीत गावातील एक तृतीयांशाहून अधिक लोक आजारी पडले होते. मधली सुमारे बत्तीस वर्षे देशात साथीची शांतता होती. तोच ताप, तीच सांधेदुखी; तेव्हा ‘गेलेला रोग परतला’ असे कोणीही म्हणावे. इतिहासात अशी सोपी वाक्ये फार फसवी असतात.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत कोलकात्याच्या १९६३च्या आणि बार्शीच्या १९७३च्या साथींतील विषाणू जतन केलेले होते. त्यांच्या जनुकांशी नव्या विषाणूंची जनुके ताडून पाहिली, तेव्हा जुने आशियाई घराण्याचे ठरले आणि नवे पूर्व-मध्य-दक्षिण आफ्रिकी घराण्याचे. म्हणजे परतला तो रोग. विषाणू दुसराच होता. (‘आशियाई’ नावाने हुरळण्याचे कारण नाही, त्या घराण्याचेही मूळ आफ्रिकेतलेच.) त्याहून चकित करणारी गोष्ट यवतची. पुणे जिल्ह्यातल्या या गावी २०००मध्ये मिळालेला विषाणूही नव्याच घराण्याचा निघाला. पाहुणा साथीच्या पाच वर्षे आधीच दारात येऊन बसला होता, आणि कोणाला त्याची चाहूल नव्हती!

रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडांवरून हा भेद कळला नसता, कारण दोन्ही घराण्यांविरुद्धची प्रतिपिंडे जवळजवळ सारखीच. बार्शीची ती कुपी कोणी ‘साथ संपली, आता कशाला’ म्हणून फेकून दिली असती, तर मालेगावची साथ आपण जुन्याच खात्यावर मांडली असती. आपल्याकडे दप्तरे जपण्याची हौस बेताचीच. म्हणून गोठवून ठेवलेल्या या दप्तराचे आम्हांस विशेष अप्रूप वाटते.

नवे घराणेही स्थिर राहिले नाही. रियुनियन बेटावर २००५-०६च्या साथीत त्याच्या ई-१ प्रथिनातील २२६व्या जागी अॅलनिनऐवजी व्हॅलिन आले, आणि एडीस अल्बोपिक्टस या दुसऱ्या डासात विषाणू सहज वाढू लागला. भारतात २००६मध्ये तपासलेल्या विषाणूंत हा बदल नव्हता. २००७मध्ये तो केरळात सापडला, जिथे रबराच्या मळ्यांत त्या डासाचा सुळसुळाट होता.