मुदत संध्याकाळी पाचपर्यंत

30 नोव्हेंबर 1648, रात्र. न्यूपोर्ट, आइल ऑफ वाइट

पार्लमेंटचं लष्कर कैदेत असलेल्या इंग्लंडच्या राजाला उचलून नेणार, अशी खबर आली. ड्यूक ऑफ रिचमंड आणि कर्नल एडवर्ड कुक यांनी पहिल्या चार्ल्सला विनवलं, की आत्ताच निघा. पहाऱ्याचा परवलीचा शब्द कुकला माहीत होता. रिचमंडला सोबत घेऊन तो पहाऱ्यातून बाहेर गेला आणि परत आला. वाट मोकळी होती.

राजाने नकार दिला. पळून जाणार नाही, असा शब्द त्याने पार्लमेंटला दिला होता. हा माणूस शब्दाला जागत नाही, ही लष्कराची त्याच्याविरुद्धची एक मोठी तक्रार होती. त्या रात्री तो शब्दाला जागला. सकाळी सैनिक त्याला समुद्रकाठच्या हर्स्ट किल्ल्यात घेऊन गेले.

6 डिसेंबर, सकाळ. वेस्टमिन्स्टर

आदल्याच दिवशी कॉमन्स सभागृहाने राजाशी वाटाघाटी चालू ठेवण्याचा कौल दिला होता. 129 विरुद्ध 83. आज दाराशी कर्नल थॉमस प्राइड हातात यादी घेऊन उभा होता. वाटाघाटी हव्या असलेल्यांना त्याने परत पाठवलं किंवा अटक केली. तडजोडीचं बहुमत दारातच संपलं.

20 जानेवारी 1649, दुपार. वेस्टमिन्स्टर हॉल

राजावर खटला चालवण्यासाठी 135 जण नेमले होते. हजर राहिले सत्तरच्या आत. सेनापती फेअरफॅक्सचं नाव पुकारलं गेलं. उत्तर आलं ते गॅलरीतून, एका बाईचं: इथे न येण्याइतकी अक्कल त्यांना आहे. ती त्याची बायको होती.

फिर्यादी वकील जॉन कुक आरोप वाचायला उठला. त्याला थांबवण्यासाठी राजाने त्याच्या खांद्यावर काठी टेकवली. काठीची चांदीची मूठ गळून पडली. कोणी तरी उचलून देईल म्हणून राजा थांबला. कोणी वाकलं नाही. शेवटी त्याने ती स्वतःच उचलली.

मग त्याने विचारलं, मला इथे कोणत्या अधिकाराने आणलं? याचं उत्तर मिळेपर्यंत आरोपांना उत्तर देणार नाही. मौन म्हणजे गुन्ह्याची कबुली धरली जाईल, हे त्याला बजावलं गेलं. 22 तारखेला आणि 23 तारखेलाही त्याने तोच प्रश्न विचारला.

27 जानेवारी, दुपार. वेस्टमिन्स्टर हॉल

शिक्षा सुनावण्याआधी राजाने एक मागणी केली. लॉर्ड्स आणि कॉमन्स या दोन्ही सभागृहांपुढे मला बोलू द्या. न्यायाधीशांपैकी जॉन डाउन्स चुळबुळ करू लागला आणि उठून म्हणाला, की आपलं समाधान झालेलं नाही. न्यायालय आतल्या दालनात गेलं. तिथे लष्कराचा नेता आणि न्यायाधीशांपैकीच एक असलेल्या क्रॉमवेलने त्याची खरडपट्टी काढली.

साधारण अर्ध्या तासाने सगळे परत आले. डाउन्स आला नाही. मागणी फेटाळली गेली आणि शिक्षा वाचली गेली. त्यानंतर राजा बोलू पाहत होता, पण त्याला बोलू दिलं नाही. कायद्याच्या दृष्टीने तो आता मेलेला माणूस होता.

29 जानेवारी

मृत्युदंडाच्या वॉरंटवर 59 सह्या आणि 59 मोहरा होत्या. त्यातली एक सही डाउन्सची. कागदावर काही शब्द खरवडून नवे लिहिलेले होते. मजकूर नेमका होता: उद्या, 30 जानेवारीला, व्हाइटहॉलसमोरच्या खुल्या रस्त्यावर, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात.

सेंट जेम्स राजवाड्यात राजाला दोन मुलं भेटली, 13 वर्षांची एलिझाबेथ आणि 8 वर्षांचा हेन्री. राजाने हेन्रीला मांडीवर घेतलं. हे लोक तुला राजा करू पाहतील, थोरले दोघे भाऊ जिवंत असेपर्यंत तू होऊ नकोस, असं त्याने सांगितलं. त्याआधी माझे तुकडे झाले तरी चालतील, असं मुलगा म्हणाला.

30 जानेवारी, पहाटे पाचच्या सुमारास. सेंट जेम्स राजवाडा

राजा उठला. तो जेमतेम चार तास झोपला होता. सेवक थॉमस हर्बर्ट बिछान्याशेजारीच झोपला होता. बाहेर कडाक्याची थंडी होती. राजाने दोन सदरे मागितले. थंडीने अंग कापलं तर लोकांना ते भीतीने कापतंय असं वाटेल, आणि तसं वाटायला नको होतं.

उजाडल्यावर

बिशप जक्सनने सकाळची उपासना सांगितली. मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचा 27वा अध्याय, म्हणजे ख्रिस्ताला क्रूसावर चढवल्याचा, त्याने वाचला. हा मुद्दाम निवडलात का, असं राजाने विचारलं. नाही, प्रार्थनापुस्तकात आजच्या तारखेला हाच नेमलेला आहे, असं बिशपने सांगितलं. ते प्रार्थनापुस्तक पार्लमेंटने चार वर्षांपूर्वीच रद्द केलं होतं.

सकाळी 10

कर्नल हॅकरने दार ठोठावलं. बागेतून व्हाइटहॉलपर्यंत दुतर्फा सैनिक उभे होते. नगारे इतक्या जोरात वाजत होते, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. राजा झपझप चालत होता. भरभर चला, असं त्यानेच पहारेकऱ्यांना सांगितलं.

वॉरंटची वेळ सुरू झाली होती. व्हाइटहॉलला पोचल्यावर त्याला एका खोलीत थांबायला सांगितलं गेलं.

दुपारी 12

तो अजून थांबलेलाच होता. त्याने पावाचा तुकडा खाल्ला आणि पेलाभर तांबडी वाइन घेतली.

मैलभराच्या आत, वेस्टमिन्स्टरला, कॉमन्स सभागृह घाईने एक कायदा संमत करत होतं. इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे राजगादी क्षणभरही रिकामी राहत नाही. कुऱ्हाड पडताच हेगमध्ये असलेला 18 वर्षांचा युवराज राजा झाला असता, आणि कुठल्याही चौकात कोणीही त्याच्या नावाने द्वाही फिरवू शकला असता. तशी द्वाही फिरवणं आज गुन्हा ठरत होतं. एका माणसाला मारायचं सगळं ठरलं होतं. त्याच्या पदाचं काय करायचं, ते ठरवायचं राहिलं होतं. सहाव्या दिवशी, 5 फेब्रुवारीला, एडिंबरामध्ये द्वाही फिरलीच.

दोनच्या थोडं आधी

व्हाइटहॉलमधल्याच एका खोलीत जल्लादासाठी लेखी हुकूम हवा होता. वॉरंट हॅकरसह तीन अधिकाऱ्यांच्या नावे होतं. त्यातल्या कर्नल हंक्सने सही करायला नकार दिला. क्रॉमवेलने त्याला दूषणं दिली, दाराजवळच्या मेजावर स्वतः हुकूम लिहिला आणि लेखणी हॅकरपुढे केली. हॅकरने सही केली.

दुपारी 2

हॅकरने पुन्हा दार ठोठावलं. वाट बँक्वेटिंग हाउसमधून जात होती. छतावर रूबेन्सची चित्रं होती. त्यांत चार्ल्सचा बाप, राजा जेम्स, स्वर्गारोहण करताना दिसतो. ती चित्रं चार्ल्सनेच रंगवून घेतली होती.

खिडकीच्या जागेतून तो काळ्या कापडाने मढवलेल्या मंचावर आला. तोंड झाकलेले दोन जल्लाद उभे होते. राजाने प्रतिकार केलाच तर बांधून घालायला कड्या ठोकलेल्या होत्या. ओंडका फार बुटका होता. याहून उंच नाही का, असं त्याने विचारलं.

मंच आणि लोक यांच्यामध्ये सैनिकांच्या रांगा होत्या. तीन दिवसांपूर्वी त्याला बोलू दिलं नव्हतं. आज बोलू दिलं, पण आवाज लोकांपर्यंत पोचणार नव्हता. म्हणून तो मंचावरच्या मोजक्या माणसांशी बोलला. प्रजा आणि राजा या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने शेवटपर्यंत सोडलं नाही. आणखी एक गोष्ट तो म्हणाला: एक अन्याय्य शिक्षा मी अमलात येऊ दिली होती, तिचंच प्रायश्चित्त आज दुसऱ्या अन्याय्य शिक्षेने मला मिळत आहे. त्याने नाव घेतलं नाही. ते त्याचा मंत्री स्ट्रॅफर्ड याचं होतं. तुझ्या जिवाला धक्का लागू देणार नाही, असं चार्ल्सने त्याला लिहून दिलं होतं. मे 1641 मध्ये त्याच्याच मृत्युदंडाच्या विधेयकाला त्याने संमती दिली.

त्याने गळ्यातलं पदक बिशपच्या हाती दिलं आणि एकच शब्द उच्चारला: लक्षात ठेवा. मी हात पसरीपर्यंत थांब, असं जल्लादाला सांगून तो आडवा झाला. थोड्या वेळाने त्याने हात पसरले.

घाव एकच पडला.

गर्दीत 17 वर्षांचा फिलिप हेन्री उभा होता. त्या क्षणी हजारो गळ्यांतून जो कण्हण्याचा आवाज उठला, तसा पूर्वी कधी ऐकला नव्हता आणि पुन्हा ऐकायला मिळू नये, असं त्याने लिहून ठेवलं. लगेच रस्त्याच्या दोन्ही टोकांकडून घोडेस्वार सुटले आणि लोकांना पांगवू लागले.

वॉरंटची मुदत पाचपर्यंत होती. जवळजवळ तीन तास उरले होते.