पद्मिनीखाली ऑईलचा डाग: गळती गिअरबॉक्सची की इंजिनाची?

सकाळी गाडी बाहेर काढली की पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा ऑईलचा डाग! जुन्या फियाट-पद्मिनीच्या मालकांना हे दृश्य नवं नाही. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने बनलेली ही गाडी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या टॅक्सीसेवेतून बाद झाली. हौसेने जपलेल्या खासगी पद्मिनी मात्र अजून दिसतात. त्यांचा बहुतेक वेळ उभं राहण्यात जातो आणि गळतीचं एक कारण तिथेच आहे. महिनोन्महिने ऑईल न लागल्याने सीलचं रबर कोरडं पडून कडक होतं.

या गाडीत इंजिन पुढे, त्यामागे क्लच आणि मग गिअरबॉक्स. धावताना वारा ऑईल मागे ढकलतो, त्यामुळे थेंब पडतो तिथेच गळती असेल असं नाही. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं तरी ऑईल इंजिनाच्या मागच्या बाजूने ओघळून क्लचच्या घरापर्यंत येतं. शंभरेक रुपयांच्या पॅकिंगसाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवला जातो, तो असा.

म्हणून आधी थेंब बोटावर घ्यावा. काळं आणि जळकट वासाचं असेल तर बहुधा इंजिन ऑईल. दाट, पिवळसर-तपकिरी आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑईल. मग सगळा खालचा भाग रॉकेलने पुसून कोरडा करावा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारावी आणि अंधेरी ते बोरिवली एवढी फेरी मारून यावं. गाडी नीट टेकूवर घेतल्याशिवाय खाली शिरू नये, नुसता जॅक पुरत नाही. पावडर भिजलेली सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा हाच गळतीचा उगम.

मागच्या टोकाला, प्रोपेलर शाफ्टपाशी ओल असेल तर मागचं सील. ते शाफ्ट सोडवून खालूनच बदलता येतं. क्लचच्या घरातून गिअर ऑईल ठिबकत असेल तर पुढचं सील, आणि तेव्हा गिअरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही. हे काम लांबवू नये, कारण ऑईल क्लच प्लेटवर गेलं की चढावर क्लच घसरू लागतो. ड्रेन नट, कव्हरचं पॅकिंग, स्पीडोमीटर केबलची जागा हे बाकीचे संशयित.

सील बदलूनही गळत असेल तर ब्रीदर पाहावा. गरम हवा बाहेर जाण्याचं हे बारीक छिद्र चिखलाने बुजलं की आतला दाब ऑईलला सीलमधून बाहेर ढकलतो. जास्त ऑईल भरल्यानेही तेच होतं. सपाट जागेवर ते फिलर नटच्या कडेपर्यंत असावं, वर नाही. गळती थांबावी म्हणून जाड ऑईल ओतण्याचा सल्ला सर्रास मिळतो. त्याने थंड गाडीचे गिअर जड पडतात, सील काही दुरुस्त होत नाही.

थेंबभर गळती चालेल, पण पातळी दर महिन्याला बघायला हवी. गिअरबॉक्समधलं ऑईल संपत आल्याचा दिवा डॅशबोर्डवर नसतो. बेअरिंग घोंघावू लागेपर्यंत नुकसान झालेलं असतं. जुलैत गाडी साचलेल्या पाण्यातून गेली असेल तर फिलर नट उघडून एकदा आत पाहावंच. ऑईल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, ते त्याच दिवशी बदलावं.