कॉफीचा डबा आणि भाताची कणगी

दिवाळी जवळ आली की घरोघरी पत्र्याचे डबे घासूनपुसून उन्हात पडतात. चिवड्याचा डबा, चकलीचा डबा, अनारशांचा डबा. फराळ करण्यात जेवढे कसब आहे तेवढेच तो टिकविण्यात आहे, हे गृहिणींना सांगायला नको. चकली सादळली तर पाहुणा तोंडाने काही बोलत नाही. फक्त दुसरी उचलीत नाही! या डब्यांच्या रांगेत, बहुधा अगदी कोपऱ्यात, एक लहानसा डबा कॉफीचा असतो. त्याच्याकडे कुणाचे फारसे लक्ष जात नाही. पण साऱ्या रांगेत जपायला कठीण वस्तू तीच, आणि तिचा प्रवासही सर्वांत लांबचा.

कॉफी आपल्याकडे आली ती बाबा बुदन नावाच्या सूफी फकिराबरोबर, असे परंपरा सांगते. सतराव्या शतकात हजहून परतताना त्यांनी अरबस्तानातील मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि म्हैसूर प्रांतातील चिकमगळूरच्या डोंगरावर रुजविल्या. कथेत कल्पनेचा भाग असेल, पण त्या डोंगरांना आजही बाबा बुदनगिरी म्हणतात. कथेतले मर्म एवढेच घ्यावे, की कॉफी आली ती कच्च्या बीच्या रूपाने. भाजलेली, दळलेली कॉफी एवढा प्रवास करून तिचा सुवास शिल्लक राहिला नसता.

कच्ची बी मोठी सोशीक. कोरड्या, थंड जागी ठेवली तर ती वर्षभर राहते. तिचे वैर एकट्या दमट हवेशी. पण या वैरातूनही एकदा मोठी गंमत झाली. इंग्रजी अमदानीत मलबारच्या बंदरांतून कॉफीची पोती शिडाच्या गलबतांवर चढत आणि आफ्रिकेला वळसा घालून महिनोन् महिने समुद्रावर राहत. खारी, ओली हवा खाऊन बिया फुगत, फिकट पिवळ्या पडत, त्यांचा आंबूसपणा जाई. युरोपातल्या लोकांना तीच चव आवडू लागली. पुढे 1869 साली सुएझचा कालवा झाला, प्रवास थोडक्यात उरकू लागला आणि ती चव हरवली. तेव्हा व्यापाऱ्यांनी युक्ती केली. मंगळूरकडच्या वखारींत पावसाळ्यात बिया पसरून नैर्ऋत्येचे वारे त्यांना मुद्दाम खाऊ घातले. ‘मान्सून्ड मलबार’ या नावाने ती कॉफी अजूनही विकली जाते.

तेच वारे आमच्या डहाणूच्या किनाऱ्यावरही येतात. जूनपासून चार महिने मीठ पाणी धरते, काडेपेटी ओढली तर पेटत नाही, पापड रबरासारखे वाकतात. कच्च्या बीला जे वारे कधी मानवले, तेच भाजलेल्या कॉफीचा घात करतात. बी भाजली की तिच्यात वायू कोंडला जातो आणि तो पुढे कित्येक दिवस हळूहळू बाहेर पडतो. त्याबरोबर सुवासही जातो. हवेने तिच्यातले तेल खवट होते. आणि दळली म्हणजे तर एका बीचे शेकडो कण होतात, प्रत्येक कणाला चहूबाजूंनी हवा लागते. जी बी काही आठवडे तग धरते, तिची पूड थोड्या दिवसांत निस्तेज होते.

म्हणूनच दक्षिणेतल्या अनेक घरांत जुनी रीत अशी होती, की बिया कच्च्या आणाव्यात, लागतील तेवढ्या घरी भाजाव्यात आणि हातयंत्रावर ताज्या दळाव्यात. आपल्या मराठी घरांत मात्र कॉफी बहुतेक पूड होऊनच आली. मुंबईत 1888 साली पेस्तनजी एदलजी दलाल या कोवळ्या वयाच्या पारशी मुलाने कॉफी भाजून दळून विकण्याचा धंदा सुरू केला. पुढे ज्याचे लोणी घरोघरी गेले, तो ‘पोलसन’ हाच. त्याच्या कॉफीत चिकोरीचे मिश्रण असे. चिकोरी स्वस्त खरी, पण ओलावा फार लवकर ओढते; उघड्या डब्यात तिचे गठ्ठे होतात. आपण कॉफीत जायफळ, वेलदोडा घालतो, तोही चवीबरोबरच मंदावलेल्या पुडीला आधार म्हणून असावा, असे मला वाटते. 1938 साली स्वित्झर्लंडात नेसकॅफे निघाली आणि भाजणे, दळणे, गाळणे सारेच घराबाहेर गेले. गृहिणीचे कष्ट वाचले, हा लाभ लहान नव्हे. त्याची किंमत सुवासाने चुकवली.

यातून एक सूत्र हाती लागते: वस्तू टिकवायची तर तिचे शेवटचे काम शेवटपर्यंत राखून ठेवावे. हे सूत्र शिकायला परदेशी जायला नको. डहाणू-तलासरीच्या वारली घरांत ते पिढ्यान् पिढ्या पाळले गेले आहे. बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली कणगी. तिच्यात भात ठेवायचे ते तुसासकट. लागेल तेवढेच काढायचे, उखळात कांडायचे, की तांदूळ ताजा. तूस हेच त्या दाण्याचे झाकण. कणसरी ही त्यांची धान्यदेवता. कणगीत तिचा वास, अशी श्रद्धा.

पण कणगी उत्तम असली तरी ती भरलेली असावी लागते! पिकवणाऱ्याच्या घरी पावसाळ्यात दाणा नसे. तो जमीनदाराकडून खावटी काढी आणि सुगीला वाढीव मापाने फेडी. वेठ होती ती वेगळीच. 23 मे 1945 रोजी तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही, अशी त्यांनी शपथ घेतली. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्या पाठीशी होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसे मेली. पण चळवळ मोडली नाही. पिकवलेला दाणा स्वतःच्या कणगीत राहावा, हाही त्या लढ्याचा एक अर्थ होता. साठवणीची कला शिलकीवाचून व्यर्थ.

आता पुन्हा कोपऱ्यातल्या डब्याकडे वळू. शक्य तर बियाच आणाव्यात आणि रोजच्या रोज दळाव्यात. पूडच आणायची तर पंधरा दिवसांची, त्याहून अधिक नको. डबा लहान, घट्ट झाकणाचा असावा, म्हणजे आत हवा थोडी राहते. काचेची बरणी असेल तर ती कपाटात, अंधारात. चुलीजवळ किंवा शेगडीवरच्या फळीवर कधीच नाही. चमचा कोरडा. रोज लागणारी कॉफी शीतकपाटात ठेवू नये. बाहेर काढताच थंड डब्याला दव धरते. शिवाय कॉफी शेजाऱ्याचा वास चटकन घेते, आणि डहाणूच्या घरात तो शेजारी सुका बोंबील असण्याचा संभव फार!

यंदा फराळाचे डबे भराल तेव्हा हाही डबा घासून, उन्हात वाळवून भरा, पण थोडाच भरा. फराळाच्या डब्यांची शोभा काठोकाठ भरण्यात आहे. कॉफीच्या डब्याची शोभा लवकर रिकामा होण्यात आहे. आणि तो लवकर रिकामा व्हायचा तर घरी माणसे आली पाहिजेत.