यार्डाच्या नावाखाली गेलेली घरे

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये ‘अटलांटिक यार्ड्स’ नावाचे यार्ड कधीच नव्हते. होते ते लाँग आयलंड रेलरोडचे व्हँडरबिल्ट यार्ड, साधारण साडेआठ एकरांचे. डिसेंबर २००३ मध्ये बिल्डर ब्रूस रॅटनर यांनी जाहीर केलेला प्रकल्प मात्र २२ एकरांचा होता. मग उरलेल्या जमिनीवर काय होते? लोकांची घरे, दुकाने, जुन्या कारखान्यांच्या इमारती, एक बारसुद्धा. पण नाव ‘यार्ड्स’ ठेवले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे रूळ आणि रिकामी जागाच येते. माणसे हटवण्याचे निम्मे काम नावानेच केले.

बाकीचे काम चित्रांनी केले. जगप्रसिद्ध वास्तुरचनाकार फ्रँक गेहरी यांच्या टॉवर्सची चित्रे छापून आली, बास्केटबॉलच्या स्टेडियमवर गच्चीतली बाग दाखवली गेली. यातली बरीच चित्रे उंचावरून पाहिलेली. तिथून टॉवरची सावली कुणाच्या दारात पडते ते दिसत नाही. विरोधकांनी फुटपाथवर उभ्या माणसाच्या नजरेतून स्वतःची चित्रे तयार केली, तेव्हा कुठे खरी उंची लोकांना कळली.

पुढे सरकारी अभ्यासाने हा परिसर ‘बकाल’ ठरवला. पुरावे काय, तर भेगाळलेले फुटपाथ, भिंतींवरची रंगरंगोटी, रानटी गवत. शिवाय परवानगीच्या ६० टक्क्यांपेक्षा कमी बांधकाम असलेला भूखंडही बकालच! म्हणजे बसके घर हासुद्धा गुन्हा. नोव्हेंबर २००९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीचे भूसंपादन वैध ठरवले. गंमत पहा, त्याच वर्षी जूनमध्ये खर्च परवडत नाही म्हणून बिल्डरने गेहरींचा आराखडाच सोडून दिला होता. ज्या चित्रावर संमती मिळवली ते रद्द, पण त्याच्या नावाने घ्यायची जमीन कायम. चित्र हा करार नसतो, हे बिल्डरला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. ठाऊक नसते ते फक्त संमती देणाऱ्याला.

२०१२ मध्ये स्टेडियम सुरू झाले, गच्चीतल्या त्या बागेशिवाय. २०१४ मध्ये प्रकल्पाचे नाव बदलून ‘पॅसिफिक पार्क’ केले. परवडणारी २,२५० घरे देण्याची मुदत मे २०२५ मध्ये संपली, तेव्हा त्यांतली ८७६ बांधलेलीच नव्हती. ती ज्या छतावर उभी राहायची होती, ते छत त्या दिवशीही यार्डावर पडलेले नव्हते. शेजारची घरे पाडूनही बरीच वर्षे झाली होती.