विदेशी गुंतवणूक, शिरूर–दौंड तालुक्यांतील

परदेशी कंपनीने भारतातील उद्योगात मालकी व व्यवस्थापनाच्या हेतूने घातलेले भांडवल म्हणजे थेट विदेशी गुंतवणूक. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड या लगतच्या तालुक्यांत तिचा ओघ अत्यंत विषम आहे. भीमेच्या उत्तरेस शिरूर तालुक्यातील रांजणगाव गणपती येथे ती एकवटली. दक्षिणेकडे दौंड तालुक्यात तिचे प्रमाण कमी राहिले.

पार्श्वभूमी : १९६१च्या अधिनियमानुसार १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झाले. मुंबई–ठाणे–पुणे पट्ट्याबाहेर जाणाऱ्या कारखान्यांना सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४मध्ये आली. २४ जुलै १९९१च्या औद्योगिक धोरणाने परदेशी भांडवलाची वाट मोकळी केली; त्याच धोरणात दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांच्या हद्दीपासून २५ किमी. अंतराच्या आत प्रदूषणकारी उद्योगांना मज्जाव होता. पुण्यापासून सुमारे ५० किमी. अंतरावरील रांजणगावला या अटीचा लाभ झाला असावा.

रांजणगाव : पुणे–अहिल्यानगर मार्गावरील, अष्टविनायकांपैकी महागणपतीच्या गावालगतचे औद्योगिक क्षेत्र. व्हर्लपूल (अमेरिका) येथे शीतकपाटे बनवते. एलजी (दक्षिण कोरिया) या कंपनीचा ग्रेटर नोएडानंतरचा भारतातील दुसरा प्रकल्प येथेच आहे. कॅरॅरो (इटली) ट्रॅक्टर व बांधकाम यंत्रांसाठी आस व गिअरपेट्या तयार करते. हायर (चीन) या कंपनीने २००७मध्ये अँकर देवूचा येथील तयार कारखाना घेतला व नोव्हेंबर २०१७मध्ये त्याचे औद्योगिक संकुलात रूपांतर केले. बाहेरच्या भांडवलाला नुसत्या सवलतींपेक्षा उभे छप्पर, जोडलेली वीज आणि सरावलेले कामगार अधिक ओढून आणतात, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

सर्वांत तपशीलवार नोंद फियाटची मिळते. टाटा मोटर्सबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीतील फियाट इंडिया ऑटोमोबाइल्स या कंपनीने २००९मध्ये लिनिया व ग्रँड पुंटो या मोटारी बाजारात आणल्या. दोन्हींना अपेक्षित खप मिळाला नाही. तरीही कारखाना बंद पडला नाही, कारण टाटांच्या गाड्या व इंजिने येथेच बनत राहिली. २०१७मध्ये २८ कोटी डॉलरच्या गुंतवणुकीतून जीप कंपासचे उत्पादन सुरू झाले व उजव्या बाजूस सुकाणू असलेल्या देशांकडे तिची निर्यात होऊ लागली. जानेवारी २०२१मध्ये आणखी २५ कोटी डॉलरची घोषणा झाली. स्थानिक भागीदार असल्यास अपयशी ठरलेली गुंतवणूकही गावात टिकून राहू शकते, असे यावरून म्हणता येते.

ऑक्टोबर २०२२मध्ये केंद्राने येथे ४९२.८५ कोटी रुपयांच्या इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूहास मान्यता दिली. त्यात केंद्राचा वाटा २०७.९८ कोटी. त्याची प्रमुख कंपनी, आयएफबी रेफ्रिजरेशन, मात्र भारतीय आहे.

कुरकुंभ : दौंड तालुक्यातील रासायनिक क्षेत्र. सिप्ला, एमक्युअर, अल्काइल अमाइन्स या भारतीय कंपन्यांचे प्राबल्य. भूजल प्रदूषणाविषयी परिसरातील गावांच्या तक्रारी आहेत.

वरवंड : दौंड तालुक्यातच पुणे–सोलापूर महामार्गावरील, यवत व पाटस यांच्या दरम्यानचे मोठे गाव. खडकवासल्याच्या उजव्या कालव्याचा हा पट्टा उसाचा आहे. पाटसला भीमा सहकारी साखर कारखाना, केडगाव परिसरात गुऱ्हाळे. महामार्ग, रेल्वे, पाणी व बाजारपेठ असूनही हा भाग कारखानदारीपेक्षा शेतीवरच उभा राहिला. बागायती जमिनीचा मोबदला महाग पडतो आणि शेतकरी ती सहजी सोडत नाही. जिरायती माळ संपादनास सोपा. शिरूरच्या माळरानाला प्राधान्य मिळण्यामागे हेच प्रमुख कारण दिसते.

जमीन : एमआयडीसी अधिनियमाच्या कलम ३२(२)खाली आधी नोटीस व हरकती, नंतर ३२(१)ची राजपत्रित अधिसूचना. तिच्यानंतर जमीन शासनाकडे निहित होते. ‘बत्तीस-दोनची नोटीस’ हा शब्दप्रयोग संपादनग्रस्त गावांत सर्वपरिचित आहे. मोबदला व परतावा यांबाबत मतभेद आहेत.

रोजगार : सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात, अशी राज्याची अट आहे. येथे ‘स्थानिक’ म्हणजे राज्याचा रहिवासी. जमीन दिलेल्या गावाचा नव्हे. संपादनग्रस्त कुटुंबांच्या दृष्टीने ही व्याख्या अपुरी आहे.

आकडेवारी : २०२४–२५मध्ये महाराष्ट्रात १,६४,८७५ कोटी रुपयांची विदेशी गुंतवणूक आली. ऑक्टोबर २०१९पासून केंद्र सरकार राज्यवार आकडे देते. त्यापूर्वी ते रिझर्व्ह बँकेच्या विभागीय कार्यालयांनुसार मोजले जात. तालुक्याची बेरीज कंपन्यांच्या नोंदणीकृत पत्त्यांवरून काढणे धोक्याचे आहे. व्हर्लपूल ऑफ इंडियाचे नोंदणीकृत कार्यालय रांजणगावला आहे, पण तिचे कारखाने फरिदाबाद व पुदुच्चेरी येथेही आहेत. उलट एलजीचा कारखाना रांजणगावला, पण नोंदणीकृत कार्यालय दिल्लीत. राज्याच्या एकूण आकड्यावरून ग्रामीण भागातील गुंतवणुकीचे यश ठरवणे म्हणूनच चुकीचे होय. कारखान्याच्या जागेनुसार तालुकावार आकडे शासनाने प्रसिद्ध करणे आवश्यक आहे.